एका दिवसात एकच पॉइंट!

‘‘आई, अजून किती वेळ?’’

पसरणी घाटात आमच्या लेकीने हे कितव्यांदा विचारलं ते मी मोजलं नाही. कारण पुढच्याच वळणावर तिने पोटातलं सगळं दूध-बिस्किट माझ्या कोऱ्या करकरीत कुर्त्यावर काढलं. शेजारी धाकट्याने भोंगा लावलेला. नवरा स्टिअरिंगवर आणि त्याच्या मोबाइलमध्ये महाबळेश्वरच्या नऊ पॉइंट्सची यादी. दोन दिवसांत नऊ! आम्ही चार पाहिले. चौथ्यावर आमचं असं कडाक्याचं भांडण झालं, की परतीच्या वाटेवर ठाण्यापर्यंत गाडीत फक्त बालगीतं बोलत होती. घरी आल्यावर ठराव पास झाला : पोरं मोठी होईपर्यंत ट्रिप बंद.

ठराव आठ महिने टिकला. मग एका रविवारी मॉलच्या फूडकोर्टमध्ये बसल्या बसल्या लक्षात आलं, की आपण दोघं एकमेकांशी फक्त डायपर, ईएमआय आणि उद्याचा डबा यांवरच बोलतोय. तसं पाहिलं तर भांडायलासुद्धा वेळ नव्हता.

‘‘माथेरानला जाऊ या?’’ मी विचारलं. ‘‘पण यादी न करता.’’

नवरा हसला. म्हणजे घाबरला!

आता माथेरानच का? कारण सोपं आहे. तिथे मोटारींना बंदी आहे. अ‍ॅम्ब्युलन्स आणि अलीकडे आलेल्या मोजक्या ई-रिक्षा सोडल्या, तर रस्त्यावर माणसं, घोडे आणि तांबडी माती. शहरात आपण पोराचा हात एक मिनिट सोडत नाही. इथे बाजारातून जरा बाहेर पडलात की सोडता येतो. फक्त घोडा आला की पटकन कडेला घ्यायचं आणि कड्याजवळ मात्र हात घट्ट धरायचा.

शिवाय मुंबई-ठाणेकरांना घाटात गाडी चालवायचीही गरज नाही. कर्जत लोकल पकडा, नेरळला उतरा, शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका गाठा. टॅक्सीच्या वळणांसाठी आम्ही यावेळी शहाणपणा केला. निघताना भरपेट दूध नाही, थोडा कोरडा खाऊ. हातात मोबाइल द्यायचा नाही, खिडकीतून लांबचे डोंगर दाखवायचे. आणि हाताशी दोन पिशव्या, एक टॉवेल, एक जादा फ्रॉक. कुर्ता वाचला!

आता सगळ्यांचा आवडता प्रश्न : टॉय ट्रेन? नेरळ ते माथेरान ही इटुकली गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. पीरभॉय कुटुंबाने उभी केलेली ही लाइन, दोन फुटी रूळ, वाटेत ‘वन किस टनेल’ नावाचा एकुलता एक बोगदा. २०१९च्या पावसात मार्गाचं नुकसान झालं आणि पूर्ण प्रवास पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. पावसाळ्यात तो बंदच असतो. पण खरं सांगू? सव्वा वर्षाच्या मुलाला मांडीवर घेऊन दोन-अडीच तास त्या चिमुकल्या डब्यात बसणं म्हणजे आपली हौस, त्याची शिक्षा. दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनवरून माथेरानपर्यंत शटल धावते. वीसेक मिनिटांत शिट्टी, झुकझुक, जंगल, सगळं मिळतं आणि पोरं कंटाळायच्या आत स्टेशन येतं. वीकेण्डला रांग असते, म्हणून सकाळी लवकर पोहोचा.

बाबागाडी घरीच ठेवा. खड्ड्यांच्या, दगडांच्या त्या वाटांवर ती तुम्हालाच उचलावी लागेल. बाळाला पाठीवर घ्यायची बॅग बेस्ट. सामानाला हमाल मिळतो, पैसे आधी ठरवा. हातात खाऊची पिशवी लोंबकळत ठेवू नका, माकडं टपलेलीच असतात. हॉटेल बाजारापासून फार लांब नको, कारण दुपारी झोपायला परत यायचंच आहे. बुकिंग करताना स्विमिंग पूल आहे का हे नंतर विचारा. साडेबाराला मऊ वरण-भात मिळेल का, हे आधी विचारा. आमच्या आईने आठवणीने जुनी सुती साडी बॅगेत कोंबली होती. तीच अंथरली, तीच पांघरली. घरचा वास आल्यावर धाकटा नव्या खोलीतही गाढ झोपला. यापुढे कपडे कमी, पण साडी पाहिजेच!

पण या सगळ्या टिप्स झाल्या. खरा फंडा वेगळाच होता.

पहिल्या दिवशी इको पॉइंटला जायचं ठरलं. माथेरानला तिसाहून जास्त पॉइंट्स आहेत, आम्ही एकच धरला. वाटेत लेक मुंग्यांच्या वारुळापाशी बसली ती उठेचना. पाच मिनिटं, दहा, वीस. नवऱ्याचं घड्याळाकडे पाहणं सुरू झालं. मला महाबळेश्वरचा चौथा पॉइंट आठवला. आता पेटणार!

मी म्हटलं, ‘‘आज आपण इथेच बसू. संध्याकाळी तू एकटा पॉर्क्युपाइनला सूर्यास्त बघून ये. मी पोरांना सांभाळते. उद्या सकाळ माझी.’’

तो जरा गोंधळला. फॅमिली ट्रिप म्हणजे चौघांनी सतत एकत्र, हसऱ्या चेहऱ्याने, एकाच फोटोत असणं, असं आपण कधी ठरवलं कुणास ठाऊक. संध्याकाळी तो गेला. अंधार पडायच्या आत परतला तेव्हा शांत होता. आल्या आल्या न सांगता धाकट्याला माझ्याकडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी शार्लट लेकवर गेले. पाऊण तास नुसती पाण्याकडे बघत बसले. एकही फोटो काढला नाही. सव्वा वर्षात पहिल्यांदाच माझ्या दोन्ही हातांत काहीच नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, तेही कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. परतताना मात्र मी चक्क भराभर चालत होते. तिघांची आठवण येत होती!

त्या रात्री पोरं झोपल्यावर आम्ही व्हरांड्यात बसून गप्पा मारल्या. ईएमआय सोडून. तो सूर्यास्ताबद्दल सांगत होता, मी तळ्याबद्दल. एकमेकांना सांगण्यासारखं नवीन काहीतरी होतं, हेच केवढं मोठं!

म्हणून सांगते, पुढच्या सुट्टीत दिवसाला एकच ठिकाण ठरवा. तेही पोरांच्या झोपेला धक्का न लावता. आणि दोघांनाही दिवसातला एकेक तास स्वतःचा द्या. ट्रिपचं टेन्शन पोरांमुळे येतं असं मला वाटायचं. ते यादीमुळे येत होतं.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, ‘‘काय काय पाहिलंत?’’

नवरा म्हणाला, ‘‘सूर्यास्त.’’ मी म्हटलं, ‘‘तळं.’’

आणि लेक ओरडली, ‘‘मुंग्या!’’