घोडा न चढवितां

आमच्या थोरल्या काकांनीं सैन्यांतून निवृत्त झाल्यावर एक रिव्हॉल्व्हर बाळगलें होतें. त्यांच्या पश्चात् तें कायद्याप्रमाणें जमा झालें आणि पुढें रीतसर अर्ज होऊन परवाना आमच्या नांवें झाला. ज्या वस्तूस आपण जन्मांत हात लावला नाहीं तिचे आपण धनी व्हावें, हें आमचें आम्हांसच चमत्कारिक वाटलें. २०१६ सालच्या शस्त्रनियमांप्रमाणें सुरक्षिततेचें शिक्षण घेणें भाग होतें. तें आम्हीं घेतलें. पण काकूंचें तेवढ्यानें समाधान होईना. "अरे, घरांत पोरेंबाळें आहेत. जें तुला धड चालवितां येत नाहीं, तें घरांत कशाला? दिवाळीपर्यंत शीक, नाहीं तर परत करून टाक," असा त्यांनीं निकाल दिला. काकांच्या हातची तेवढीच एक वस्तु घरांत उरलेली. तरी निकाल योग्यच होता.

रिव्हॉल्व्हर दोन रीतींनीं झाडतां येतें. आंगठ्यानें घोडा आधीं चढवून मग चाप ओढावयाचा, ही एकेरी रीत. हींत चाप साधारणतः दीड-दोन किलोंच्या दाबानें सुटतो. दुहेरी रीतींत घोड्यास हात लावावयाचा नाहीं. चाप ओढला कीं चक्र फिरून नवें काडतूस नळीसमोर येतें, घोडा मागें जातो आणि सुटतो. हीं सारीं कामें एकाच बोटानें व्हावयाचीं, म्हणून दाब पांच-सहा किलोंपर्यंत लागतो. शस्त्राचें स्वतःचें वजन मात्र किलोच्या आंतबाहेर! त्याच्या वजनाच्या कित्येक पट जोर त्यावर करावयाचा आणि तें जागचें हलूं द्यावयाचें नाहीं, हीच खरी मेख. लंडनच्या १८५१ सालच्या प्रदर्शनांत मांडलेलें रॉबर्ट अ‍ॅडम्स यांचें रिव्हॉल्व्हर केवळ चापावरच चाले. दोन्ही रीतींची सोय १८५६ सालच्या ब्यूमाँट-अ‍ॅडम्समध्यें झाली.

आमचे गुरु एक निवृत्त सुभेदार. एकेरी रीतीनें आमचा नेम बरा बसे. दुहेरी रीतीनें प्रत्येक गोळी डावीकडे खालीं जाई. आम्हीं चापास दोष दिला, मुठीस दिला, फार काय, वाऱ्यासही दिला. सुभेदारसाहेब कांहीं बोलले नाहींत. आमच्या दृष्टीआड त्यांनीं चक्रांत कांहीं जिवंत व कांहीं झाडलेलीं काडतुसें मिसळून भरलीं. तिसऱ्या खेपेस घोडा नुसता 'टक्' करून पडला. आवाज नाहीं, धूर नाहीं, आणि तरीही नळीचें तोंड वीतभर खालीं गेलेलें! "साहेब, गोळी तर नव्हती, मग धक्का कोणीं मारला?" त्यांनीं शांतपणें विचारलें. आम्ही मेल्याहून मेल्यासारखे झालों. धक्का आमच्या भीतीनें मारला होता.

तेव्हांपासून रोज रात्रीं अर्धा तास घरींच सराव सुरू केला. खरीं काडतुसें दुसऱ्या खोलींत कुलपांत; चक्र रिकामें असल्याची दोनदां खातरजमा; मग लुटुपुटीचीं काडतुसें भरून भिंतीकडे नेम. मूठ जितकी वर धरतां येईल तितकी धरावी, चापावर बोटाचें पहिलें पेर टेकवावें आणि मध्यें न थांबतां एकाच संथ गतीनें ओढावें. नजर निशाणावर नव्हे, नळीच्या टोंकावरील माशीवर. चाप पूर्ण पुढें येऊं द्यावा. अर्ध्यांतून पुन्हां ओढल्यास चक्र अडतें वा काडतूस चुकतें. नळीवर एक रुपया ठेवून घोडा पडला तरी तो पडूं नये, ही कसोटी. पहिल्या आठवड्यांत तो रुपया पलंगाखालून शोधण्यांतच बराच वेळ गेला.

या काळांत अमेरिकेंतील माँटाना प्रांताच्या एड मॅक्‌गिव्हर्न यांचें आम्हांस मोठें साह्य झालें. पन्नाशी उलटल्यावर, १९३२ सालीं, त्यांनीं पंधरा फुटांवरून दुहेरी रीतीनें पांच गोळ्या ०.४५ सेकंदांत अचूक झाडल्या. त्यांचा वेग आम्हांस नको होता; बोट पन्नाशीनंतरही शिकतें, एवढेंच आश्वासन हवें होतें.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यांत सुभेदारसाहेबांनीं पुन्हां आमच्या दृष्टीआड चक्र भरलें. दहा पावलांवरून आम्हीं सहा वेळां चाप ओढला. चार गोळ्या बशीएवढ्या वर्तुळांत बसल्या. दोनदां नुसतें 'टक्' झालें, आणि दोन्ही वेळां माशी जागची हलली नाहीं.

कागद काकूंपुढें ठेवला. चष्मा लावून त्यांनीं छिद्रें मोजलीं. "सहांतल्या दोन कुठें गेल्या?" आम्हीं सारी हकीकत सांगितली. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग राहूं दे. पण किल्ली तुझ्याच कमरेला. आणि हात पुन्हां थरथरूं लागला, तर मी विचारण्याआधीं तूंच सांग."

तें वचन आम्हीं दिलें आहे. रुपया अजून दर रविवारीं नळीवर ठेवतों.