डावखुऱ्याची रायफल

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत बंदूक ही अनोळखी वस्तू नव्हे. साताऱ्याजवळच्या आपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द लागतो, तो काही उगाच नव्हे. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. बँकेच्या दाराशी एकनळी मांडीवर आडवी ठेवून बसलेला निवृत्त जवान आपण सर्वांनी पाहिला आहे. परंतु अमेरिकन घडणीची, खाली कडी असलेली शिकारीची रायफल एखाद्या कारागिराच्या घरी असावी, हे मात्र दुर्मीळच. आमच्या घरी ती होती. वडील २०२१ साली गेले आणि तिचे काय करायचे, हा प्रश्न आम्हा तिघा भावंडांपुढे उभा राहिला. नेमक्या त्याच सुमारास धाकटीच्या मुलाने पेनसिल्वानियाहून विचारले, “मामा, पहिलीच लिव्हर-ॲक्शन रायफल घ्यायची आहे. आजोबांकडे होती ना? मी कोणती घेऊ?”

एका घरात एक रायफल जायची होती आणि एक यायची होती. दोन्ही प्रश्नांत धाकटीची संमती हवी होती, आणि धाकटीला बंदूक या वस्तूचीच चीड.

आमचे आजोबा पाचगणीत मोटार फिटर होते. तेथील एक इंग्रज कुटुंब १९४७ साली मायदेशी निघाले, तेव्हा त्यांनी सामानासुमानाबरोबर ही रायफलही विकायला काढली. आजोबांनी रीतसर परवाना काढून ती घेतली. विंचेस्टर कंपनीचे ‘मॉडेल ९४’, काडतूस थर्टी-थर्टी. त्या काळी ऐपतदार शिकारी बोल्टची रायफल पसंत करीत. मग आजोबांनी ही का घेतली? कारण आजोबा डावखुरे होते. बोल्टची मूठ नळीच्या उजव्या बाजूस असते. डावखुऱ्याला प्रत्येक बारानंतर हात आडवा टाकून ती ओढावी लागते, आणि तोवर नेम मोडतो. कडीच्या रायफलीत डावे-उजवे काही नाही. कडी चापाच्या भोवती, बरोबर मध्यभागी असते. ती खाली ढकलली की रिकामे टरफल वरून बाहेर उडते आणि घोडा चढतो. वर ओढली की नवे काडतूस नळीत जाऊन बसते. उजव्या हातासाठी केलेल्या जगात आपल्यासाठीही कोणी विचार करून ठेवला आहे, याचे आजोबांना फार अप्रूप होते असे वडील सांगत.

आजीने दोन दंडक घातले होते. क्रूस आणि तसबिरी असलेल्या भिंतीवर बंदूक टांगायची नाही, आणि काडतुसे तिच्या कपड्यांच्या पेटीत राहतील. पेटीची किल्ली आजीच्या कमरेला. म्हणजे परवाना आजोबांचा, पण हुकूम आजीचा!

वडील किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात टर्नर होते. रायफल त्यांच्या नावावर आली तेव्हा त्यांनी तिच्यातून शिकार अशी फारशी केली नाही; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो विषय संपलाच होता. त्यांना ओढ होती ती यंत्राची. वर्षातून एकदा, नाताळच्या आधी, जुन्या चादरीवर ती उघडून ते तिला तेलपाणी करीत. आम्ही तिघे भोवती बसत असू. ते सांगत, की कडीच्या रायफलीची कल्पना १८६० च्या सुमारास अमेरिकेत हेन्री नावाच्या कारागिराने वापरण्याजोगी करून दाखविली. तिच्यात १६ काडतुसे मावत. १८७७ साली प्लेव्हना येथे तुर्कांनी विंचेस्टर रायफलींच्या माऱ्याने रशियन पलटणींना रोखून धरले. तरीही जगातल्या सैन्यांनी शेवटी बोल्टच निवडला. का? कारण जमिनीवर पालथे पडलेल्या शिपायाला कडी खाली ढकलायला जागा नसते. शिवाय काडतुसे नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक, रांगेत असतात. एकीच्या मागच्या टोपीवर दुसरीचे टोक टेकते. टोक अणकुचीदार असेल तर बाराच्या धक्क्याने आतल्या आतच स्फोट व्हायचा. म्हणून या रायफलीची गोळी चपट्या तोंडाची असते, आणि चपटी गोळी हवेत लवकर मंदावते. लांबच्या नेमासाठी ही रायफल नव्हे. दीडशे-दोनशे यार्डांत, झाडीत, खांद्याला लावून झटकन उडवावी अशी ही आहे. जॉन ब्राउनिंगने ‘मॉडेल ९४’ आखले आणि त्याच्या सत्तर लाखांहून अधिक प्रती निघाल्या. वडील म्हणत, सत्तर लाख माणसे काही वेडी नसतात.

वडील गेल्यावर रायफल नियमाप्रमाणे परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केली. परवाना माणसाबरोबर संपतो. वारसाला तो हवा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, पोलीस चौकशी होते आणि इतर वारसांचे ना-हरकत पत्र जोडावे लागते. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसांसाठी तशी तरतूद आहे. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनांवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांऐवजी पाच केली. हे सारे थोरल्याने पाठ केले होते, कारण अर्ज त्याला करायचा होता.

थोरल्याची बाजू आम्ही सर्वांनी ऐकून घेतली. जावळीत मेढ्याच्या वरच्या अंगाला आमचे थोडे रान आहे. भात, नाचणी, थोडी हळद. निवृत्तीनंतर तोच ते पाहतो. रानडुकरे एका रात्रीत एवढे उकरून जातात, की सकाळी बांधावर उभे राहवत नाही. गव्यांचा कळप उतरला तर भाताचा लगदा होतो. थोरला म्हणाला, शेतकऱ्याने बंदूक ठेवायची नाही तर कोणी ठेवायची?

यावर मधल्याने, जो सांगलीस राहतो आणि कागद वाचल्याशिवाय कोणत्याही गोष्टीस होकार देत नाही, कायदा पुढे ठेवला. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने शेतकऱ्याचा विचार केला आहे, पण तो पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा, किंवा संरक्षणासाठी वीस इंचांहून आखूड नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा. रायफलीसाठी सबळ कारण दाखवावे लागते. आणि परवाना हाती असला तरी डुक्कर मारण्याची परवानगी त्यात येत नाही. ती वन खात्याच्या अधिकाऱ्याकडून निराळी घ्यावी लागते. गव्याकडे तर नळी रोखायचाही विचार नको. त्यावर निवडणूक आली की हत्यार जमा करा, ती संपली की सोडवून आणा. “एवढे करून तू उडवणार काय? काडतुसे कोठे आहेत?” हा त्याचा शेवटचा प्रश्न होता, आणि तोच बिनतोड होता. आपल्या आयुध निर्माण्या .३१५ ची काडतुसे करतात, बारा बोअरची करतात. थर्टी-थर्टी हे अमेरिकेतल्या खेड्यातल्या दुकानात मिठासारखे मिळणारे काडतूस, पण सातारा-सांगलीत आम्ही जेथे जेथे विचारले तेथे नकारघंटाच. वडिलांच्या डब्यात अकरा उरली होती. ती केव्हाची, हे कोणी सांगू शकत नव्हते.

मग जुनी विकून नवी घ्यावी का? हाही विचार झाला. नवी घ्यायची तर बारा बोअरची एकनळी हीच शेताला योग्य, असे शेजारच्या निवृत्त सुभेदारांचे मत पडले. रायफलीची गोळी चुकली तर मैलभर पलीकडे जाते, आणि डोंगरउतारावर खाली कोणाची वस्ती, कोणाचे गुरू बांधलेले, हे रात्री दिसत नाही. छर्रा लवकर जिरतो. हे सुभेदारांनी ज्या शांतपणे सांगितले, त्याने थोरल्याचा निम्मा आवेश ओसरला. उरलेला निम्मा हिशेबाने ओसरला. एकनळी, तिची पेटी, काडतुसे, हेलपाटे यांची बेरीज सौर कुंपणाच्या खर्चाजवळ जात होती, आणि कुंपण रात्रभर जागे असते.

मात्र हे सारे ठरण्यापूर्वीच धाकटीने सांगून टाकले होते, की ना-हरकत पत्रावर ती सही करणार नाही. कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, “बांधावरून तुझे आणि चुलतभावाचे काय चालले आहे, ते मला ठाऊक आहे. डुकरासाठी आणलेली बंदूक घरात असताना ते भांडण नको.” थोरला उठून बाहेर गेला. तो रागावला होता, यात शंका नाही. पण तासाभराने परतला तेव्हा त्याने तिला खोटे पाडले नाही. आमच्या मते, सगळ्या चर्चेत खऱ्या तोलाचे बोलणे ते एवढेच होते. कायदा, काडतूस, खर्च हे मागून आले.

रायफल विक्रेत्यामार्फत एका परवानाधारकास विकली गेली. वडिलांचा नळी पुसण्याचा गज आम्ही ठेवून घेतला आहे.

राहिला भाच्याचा प्रश्न. तेथे परिस्थिती सर्वस्वी निराळी. पेनसिल्वानियात हरणाच्या शिकारीचा हंगाम म्हणजे जवळजवळ सणच. मोठ्या शिकारीस आपोआप भरणारी रायफल तेथे चालत नाही. म्हणून कडीची, बोल्टची अशा हाताने चालवायच्या रायफलीच उरतात. शिकाऱ्याने अंगावर भडक नारिंगी कपडा घालावा, असाही नियम आहे. भाचा कामाच्या ठिकाणच्या मित्रांबरोबर जाणार होता. तो आजोबांसारखाच डावखुरा, त्यामुळे कडीकडे त्याचा कल आपसूकच गेला. घरात त्याची चार वर्षांची मुलगी. धाकटीच्या डोळ्यांसमोर रायफल नव्हतीच, ती नात होती.

आम्ही दोघा मामांनी त्याला जे लिहिले ते वडिलांच्या चादरीवर शिकलेले होते. ‘मॉडेल ९४’ टरफल वरून फेकते, म्हणून डावखुऱ्याच्या तोंडावर काही येत नाही. पण जुन्या घडणीच्या रायफलीवर दुर्बीण नीट बसत नाही. मार्लिनचे ‘३३६’ १९४८ पासूनचे. ते टरफल उजव्या कुशीने फेकते. दुर्बीण छान बसते, मात्र डाव्या खांद्यावरून उडवणाऱ्याने एकदा हातात धरून पाहावे. थर्टी-थर्टीचा धक्का सोसवेल असा, आणि झाडीतल्या हरणाला ते पुरेसे. हे झाले कौतुक. त्यानंतर आम्ही जे लिहिले ते त्याने दोनदा वाचावे, अशी विनंती केली. या रायफलीची भीती उडवताना नसते, रिकामी करताना असते. भरलेली नळकांडी मोकळी करायची तर जुन्या पद्धतीत एकेक काडतूस कडी हलवून नळीच्या तोंडापर्यंत आणावे आणि बाहेर काढावे लागते. म्हणजे शिकार संपली, हात गारठले, मन घरी गेले, की त्या क्षणी सर्वांत जास्त काडतुसे चापासमोरून जातात. जुन्या ‘९४’ ला निराळा खटका नाही. घोडा अर्धा चढवून ठेवायचा. भरल्या नळीवर तो अंगठ्याने हळूच उतरवताना अंगठा निसटला तर बार झालाच. १९९२ पासून कंपनीने आडवा खटका बसवला. जुन्या शौकिनांनी त्याला नाके मुरडली. आम्हाला तो आवडला.

म्हणून आमचे मत असे पडले, की पहिली रायफल .२२ ची घ्यावी. कडी तीच, डावा हात तोच, धक्का नाहीसाच, काडतुसे स्वस्त. शिवाय हेन्री नावाच्या आजच्या कंपनीच्या .२२ मध्ये आतली नळी उपसून काडतुसे ओंजळीत ओतून घेता येतात. एक वर्ष कागदावर नेम धरावा. रिकामी करण्याची सवय हाडात मुरली, की मग हरणाची रायफल. मित्र हसतील, हसू द्यावे.

भाच्याने .२२ घेतली. मित्र हसलेच. पुढच्या वर्षी त्याने थर्टी-थर्टी घेतली, ‘मॉडेल ९४’, आता जपानमध्ये बनते ती. त्याने तिचे छायाचित्र पाठवले तेव्हा थोरला कितीतरी वेळ ते मोठे करून पाहत होता. पेनसिल्वानियातल्या स्वयंपाकघराच्या मेजावर, जुन्या चादरीवर, ती उघडून ठेवलेली. चादर टाकायला त्याला कोणी सांगितले होते, कोण जाणे.

धाकटीने छायाचित्र पाहिले नाही. तिने फोन मागून घेतला आणि लेकाला एवढेच विचारले, “काडतुसाची किल्ली कुणाकडे?”

“तुझ्या सुनेकडे,” तो म्हणाला. “आणि ती मागितल्याशिवाय देत नाही. कशाला हवी ते विचारते.”

“बरं करते,” धाकटी म्हणाली, आणि नातीला फोनवर बोलाव म्हणाली.