पर्याय क्रमांक दोन

10 ऑक्टोबर 2023, मंगळवार. दिंद्रुड, जि. बीड

पेपरात पहिल्याच पानावर क्लॉडिया गोल्डिन. अर्थशास्त्राचं नोबेल काल जाहीर झालं, ते हार्वर्डच्या या बाईंना, आणि एकटीला. याआधी एलिनॉर ऑस्ट्रॉम (2009) आणि एस्तेर द्युफ्लो (2019) यांना मिळालं होतं, पण पुरुषांबरोबर वाटून. गोल्डिनबाईंनी अमेरिकेतली दोनशे वर्षांची कागदपत्रं उपसून बायकांच्या कामाचा आणि कमाईचा हिशेब लावला.

पुतणीनं पेपर माझ्या हातातून ओढला, बातमी वाचली आणि लोकसेवा आयोगाच्या सीसॅट पेपरचं सरावपुस्तक पुढ्यात ठेवलं. "तात्या, हे बघा, कसं जुळून आलंय."

प्रश्न असा. एका कंपनीत पुरुषांचा सरासरी पगार 30 हजार, स्त्रियांचा 24 हजार. म्हणून ही कंपनी सारख्या कामाला स्त्रियांना कमी पगार देते. हा युक्तिवाद सर्वांत कमकुवत करणारं विधान निवडा. पर्याय: एक, कंपनीत स्त्रियांची संख्या कमी आहे. दोन, प्रत्येक पदाचा पगार स्त्री-पुरुषांना सारखाच आहे, पण वरच्या पदांवर पुरुष जास्त आहेत. तीन, इतर कंपन्यांतही असंच आहे. चार, गेल्या पाच वर्षांत स्त्रियांचे पगार जास्त वेगानं वाढले.

उत्तर दोन. तिनं खूण केली होती, पण तोंड कडू करून.

"उत्तर बरोबर आहे. पण आपण कंपनीची वकिली केल्यासारखं वाटतंय."

11 ऑक्टोबर

दुपारी पाटीवर आकडे मांडले. (शाळा सुटली तरी पाटी सुटत नाही. कागदावर मला गणित दिसत नाही.)

साहेबाचा पगार 40 हजार, कारकुनाचा 20. शंभर पुरुषांत 50 साहेब, 50 कारकून: सरासरी 30. शंभर बायकांत 20 साहेब, 80 कारकून: सरासरी 24. कुणाच्याही पगारात रुपयाचा दुजाभाव नाही, तरी सहा हजारांचा फरक पडला. म्हणजे दोन सरासऱ्यांवरून "सारख्या कामाला कमी" हे निघत नाही. पर्याय दोन इथवरच काम करतो.

मग मी उलटी बाजू मांडली, जी सरावपुस्तकं सहसा मांडत नाहीत. समजा त्या कंपनीत बायका 90. त्यांतल्या 60 साहेब, पण पगार 36 हजार. 30 कारकून, पगार 18. बेरीज करा: सरासरी बरोबर 30. पुरुषांएवढीच! आणि प्रत्येक खुर्चीवर बाईला कमी. सरासरीत फरक दिसला म्हणून अन्याय झालाच असं नाही, तसा फरक दिसला नाही म्हणून न्याय झाला असंही नाही.

तिला हे फार आवडलं. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाची गोष्टही सांगितली. 1973 साली तिथं अर्ज केलेल्या पुरुषांपैकी 44 टक्क्यांना प्रवेश मिळाला, बायकांपैकी 35 टक्क्यांना. एकेक विभाग तपासला तर बायकांविरुद्ध तसा कल दिसेना. जिथं प्रवेश मिळणंच अवघड, अशा विभागांकडे बायकांचे अर्ज जास्त होते.

"आणि त्या अवघड विभागांकडेच का गेल्या?"

हे प्रश्नात विचारलेलं नाही, असं मी म्हणालो. परीक्षेपुरतं ते खरं आहे. सीसॅट आता नुसता पात्रतेचा, 33 टक्के मिळाले की सुटलो. तिथं एवढं खोदत बसलीस तर वेळ संपेल. ती म्हणाली, "परीक्षा संपल्यावर तर खोदू द्याल?"

गोल्डिनबाई तेच खोदतात. एकाच पेशात, सारखंच शिकलेल्या बाईची कमाई मागं पडायला लागते ती बहुतेक पहिल्या मुलानंतर. ज्या नोकऱ्या रात्री-अपरात्री हजर राहण्याचे जादा पैसे मोजतात, तिथून ती बाजूला होते. पर्याय दोनमधलं "वरच्या पदांवर पुरुष जास्त" हे वाक्य जिथं थांबतं, तिथून बाईंचं काम चालू होतं.

17 ऑक्टोबर

कापूस फुटलाय. यंदा पावसानं ओढ दिली, बोंडं बारकी. वेचणी किलोवर, दर सगळ्यांना एकच. पण वेचायला एकही गडी नाही. फवारणी आणि नांगर-पाळी गड्याची, खुरपणी-वेचणी बायांची, आणि बाईचा रोज गड्यापेक्षा कमी. विचारलं तर शेतकरी पर्याय दोनच सांगतो: "तात्या, काम येगळं, म्हणून रोज येगळा." दिवसभर कंबरेत वाकून खुरपणं हलकं काम कुणी ठरवलं, ते त्यालाही माहीत नाही. मी त्याच्याच बांधावर उभा होतो, चहा घेऊन परत आलो.

20 ऑक्टोबर

संध्याकाळी तिला ऑड्री डिकोस्टांचा खटला सांगितला. कायद्याच्या पेपरातही उपयोगी पडेल.

मुंबईतली मॅकिनन मॅकेन्झी कंपनी. डिकोस्टा तिथं वरिष्ठ साहेबांच्या दिमतीला 'कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर'. 1977 मध्ये नोकरी संपल्यावर त्यांनी समान वेतन कायदा, 1976 खाली पगारातला फरक मागितला, कारण पुरुष स्टेनोंचा पगार जास्त होता. कंपनीचं उत्तर ऐकण्यासारखं आहे. साहेबांजवळच्या या जागांवर सगळ्या बायकाच आहेत, तिथं पुरुष स्टेनो नाहीच, मग तुलना करायची कुणाशी? शिवाय पगार युनियनबरोबरच्या करारानं ठरलेले.

पुतणी टुणकन उठून बसली. "हा तर पर्याय दोनच! पदं वेगळी केली आणि एका पदावर सगळ्या बायका बसवल्या."

सुप्रीम कोर्टानं 1987 साली कंपनीचं अपील फेटाळलं. पदाच्या नावाकडे नको, कामाकडे बघा; काम सारखं किंवा साधारण त्याच जातीचं असेल तर बारीकसारीक फरक काढून पगार कमी ठेवता येत नाही. करार आडवा येत नाही, ऐपत नाही ही सबबही चालत नाही. म्हणजे पर्याय दोन कुणी पुढं केला की कोर्ट विचारतं, हे कप्पे पाडले कुणी आणि कशासाठी. माझ्या मते तर्काचा खरा पेपर इथं आहे. सीसॅटवाले तो काढणार नाहीत, तपासायला जड जातो.

27 ऑक्टोबर

शेजारची मंडळी ऊसतोडीला निघायच्या तयारीत. तेलगावचा साखर कारखाना इतक्या जवळ, पण यांची टोळी यंदा कर्नाटकात. अंगणात बाजरीचं पोतं, पत्र्याची पेटी, कोंबडीची डालगी, पाल ठोकायची ताडपत्री. थोरली पोरगी आजीजवळ राहणार, धाकटं बरोबर.

पुतणी मदतीला गेली आणि पेटीला दोरी बांधता बांधता सहज विचारलं, "काकू, तोडीचा तुमचा रोज किती पडतो?"

"माझा? माझा कुठला आलाय. कोयत्याचा पडतो की."

कोयता म्हणजे जोडपं. मुकादम उचल (आगाऊ रक्कम) देतो ती कोयत्याला. वहीत नाव नवऱ्याचं, आकडा, सही. मजुरी टनावर, ती उचलीतून वळती होते. काम मात्र दोघांचं मोजून घ्या: ऊस तोडायचा, पाचट सोलायचं, वाढं (उसाचा हिरवा शेंडा) छाटायचं, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं. तोडतात दोघंही, मोळ्या बांधणं आणि डोक्यावर वाहणं जास्त बाईकडे. त्याआधी भाकरी आणि पाणी, त्यानंतर भांडी. या दोन्हींचा टन होत नाही.

रात्री जेवताना ती म्हणाली, "तात्या, हा प्रश्न पुस्तकातल्या रीतीनं मांडताच येत नाही. पुरुषाची सरासरी काढू, पण बाईची? तिचा आकडाच नाही. चार पर्यायांत 'माहिती अपुरी' एवढंच उरतं."

मी मान डोलावली. ती मात्र थांबली नाही. "पण मुकादम 'अर्धा कोयता' म्हणतो ना?"

म्हणतो. एकटा गडी तोडीला गेला तर तो अर्धा कोयता. उचल त्या हिशेबानं. म्हणजे विधान एक: पूर्ण कोयता म्हणजे नवरा आणि बायको. विधान दोन: एकटा नवरा म्हणजे अर्धा. तर उरलेला अर्धा कोण? मुकादमाच्याच तोंडून निघालेला निष्कर्ष आहे हा, आपण काही घातलेलं नाही. बाईचं काम अर्ध्याला अर्धं आहे हे बाजाराला पक्कं ठाऊक आहे. ते तिच्या नावावर लिहायची वेळ आली की वही मिटते.

डिकोस्टांजवळ निदान स्वतःची पगाराची पावती होती. समान वेतनाचा कायदा दोन पगार शेजारी ठेवून बघतो. इथं पगार एकच, त्यात दोन माणसं. ग्रामसेवकाकडून ऊसतोड मजुरांना ओळखपत्रं द्यायचं सरकारनं ठरवलं, त्यात बाईचं नाव वेगळं येतं. तसं मजुरीच्या पावतीवर यायला काय हरकत आहे? टनाचे पैसे अर्धे-अर्धे दोन खात्यांत टाकायला कारखान्याला छदाम जादा लागत नाही.

1 नोव्हेंबर

परवा माजलगावात जाळपोळ झाली. जिल्ह्यात संचारबंदी, नेट बंद. अभ्यासिका ओस. पुतणी घरीच, जुनी कात्रणं चाळत.

त्यात 2019 चं कात्रण निघालं. नीलम गोऱ्हे यांच्या समितीचा अहवाल: जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी, त्यांतल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली. साधारण सहांत एक. तिनं शिस्तीत शेरा लिहिला: ऊसतोडीमुळेच असं म्हणायचं तर ऊस न तोडणाऱ्या, त्याच वयाच्या, त्याच गावच्या बायकांचा आकडा लागेल. बरोबर. पण खाडा झाला की मुकादम दंड लावतो, पाळीच्या दिवसांतही खाडा तो खाडाच, फडात आडोसा नाही. मजुरीचा प्रश्न इथं थेट शरीरात शिरलेला आहे. तिच्या शेऱ्याखाली मी काही लिहिलं नाही. आकडा शोधायला सांगितला.

6 जानेवारी 2024

पुण्याच्या बैठकीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढवायचं ठरलं. टनाला 273 च्या जागी 366 रुपये. डिसेंबरभर संपाची भाषा चालली होती, त्याचं हे फळ.

पुतणीनं लगेच प्रश्न रचला. एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो असं धरा. आधी 546 रुपये, आता 732; वाढ 186. यातली बाईची वाढ किती? पर्याय: (अ) 93, (ब) 186, (क) शून्य, (ड) माहिती अपुरी.

मी ड म्हणालो. ती अ वर अडून बसली, अर्ध्या कोयत्याच्या आधारानं. शेवटी तिनं फडावर फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"वाढलं म्हणं," काकू म्हणाल्या. "पर आधी उचल फिटू दे. मग हिशेब हे करतेत."

"आणि तुमच्या हातात काय येतं, काकू?"

"वाढे इकून येतेत ते. गवळी येतो सांजच्याला, पेंढीवर देतो पैसे. ते माझे."

फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, पाचवा पर्याय घालावा लागेल. मी म्हणालो, आयोग चारच देतो.