न जेवणारा पाहुणा

वाचकहो, आपल्या समाजात प्रेमाचे माप ताटात असते. पाहुण्याने आग्रहाचा लाडू घेतला की गृहिणी कृतार्थ होते. मुलाने पानात भात टाकला की आईचा जीव कासावीस होतो. चिऊकाऊच्या घासांवर वाढलेल्या आपल्याला न जेवण्याचे दोनच अर्थ ठाऊक असतात, आजार किंवा रुसवा. तिसराही एक अर्थ असतो. तो मला एका सापाने शिकविला.

2023 सालचा हिवाळा मी अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यात, मुलीकडे काढला. माझ्या चौदा वर्षांच्या नातवाने तेथे साप पाळला आहे. आपल्या देशात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे देशी साप घरी बाळगणे हा गुन्हा ठरतो. तिकडे मात्र साप पाळण्याची पुष्कळ चाल आहे. हा प्राणी म्हणजे बॉल पायथन नावाचा लहानखुरा, बिनविषारी अजगर. मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. भ्याला की चेंडूसारखे वेटोळे करून डोके आत लपवितो, म्हणून हे नाव.

एरवी दोन-तीन आठवड्यांनी एक उंदीर घेणाऱ्या या स्वारीने नोव्हेंबरात अन्नाला तोंड लावणे सोडले. जानेवारी उजाडला तरी तेच. साप उपाशी म्हणून मुलगा अर्धपोटी उठे, आणि मुलगा अर्धपोटी म्हणून माझी लेक बेचैन. ‘त्याला कुणा जाणत्याच्या स्वाधीन करू या,’ असे जावईबापूंनी एकदा बोलूनही दाखविले. त्या रात्री नातू पानावर आलाच नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याने शोध मांडला. सापाला अन्न पचविण्यासाठी बाहेरची ऊब लागते; म्हणून पेटीची एक बाजू सुमारे 32 अंश सेल्सिअस आणि दुसरी त्याहून थंड आहे ना, हे त्याने तापमापकाने पाहिले. अंग चोरून बसायला अंधारी जागा नसेल तर हा भित्रा प्राणी खात नाही. ती दोन्ही बाजूंना होती. कात टाकण्याच्या दिवसांतही त्याची अन्नावरची वासना उडते. पण डोळ्यांवर तशी निळसर झाक नव्हती. तोंडात फेस नव्हता, श्वासात घरघर नव्हती.

आपण विचाराल, जिवंत उंदीरच का सोडला नाही? मीही तेच विचारले. ‘आजी, कोंडलेला उंदीर सापालाच चावतो,’ तो म्हणाला. म्हणून फ्रीजरमधला मेलेला उंदीर ऊन पाण्याने कोमट करून लांब चिमट्याने पुढे धरायचा. या सापाच्या ओठांवर उष्णता जाणणाऱ्या खाचा असतात. गार उंदीर त्याच्या लेखी दगडासमान. घास कोमट होता, तरी साप मान वळवी.

‘अरे, मग तोंड उघडून भरव की!’ मी म्हटले. त्याने मान हलविली. बळजबरीने हिरड्यांना जखम होते, घास बाहेर येतो आणि प्राणी अधिकच बिथरतो. तो उपाय पशुवैद्याने, तोही नाइलाजाने करायचा.

पशुवैद्यांनी साप तपासला, विष्ठेत जंत आहेत का ते पाहिले आणि वजनाची वही मागितली. नोव्हेंबरात 1310 ग्रॅम, जानेवारीअखेर 1255. घट पाच टक्क्यांच्या आतच होती. त्यांनी सांगितले, हा वयात आलेला नर आहे आणि हे दिवस त्याच्या जातीच्या समागमाचे आहेत. या काळात असे नर कित्येक महिने अन्नाला शिवत नाहीत. पाणी ताजे ठेवा, दर आठवड्याला वजन करा, सारखे हाताळू नका. वजन दहा टक्क्यांनी घटले किंवा अंग सुरकुतले, तर मात्र घेऊन या.

वाचकहो, वाट पाहणे हेही औषध असते. पण पाजणाऱ्यालाच ते कडू लागते. सापाचे शरीर अंगच्या उबेसाठी आपल्यासारखे अन्न जाळीत नाही, म्हणून लांब उपवास त्याला पेलतो. ब्रह्मदेशी अजगराचे तर भोजनानंतर हृदयसुद्धा दोन-तीन दिवसांत सुमारे 40 टक्क्यांनी वाढते, असे 2005 साली शास्त्रज्ञांनी दाखविले. अशा जीवाला आपल्या तिन्हीत्रिकाळच्या घड्याळाने कसे मोजावे?

मार्चमध्ये मी परतले होते. एके सकाळी नातवाचा फोन आला. ‘आजी, खाल्ले त्याने! आता दोन दिवस मी त्याला हातही लावणार नाही, नाही तर ओकून टाकेल.’ मी विचारले, ‘आणि तू जेवलास का?’ तो खळखळून हसला.

आपल्याकडे नागपंचमीला गारुड्याच्या नागापुढे दुधाची वाटी ठेवण्याची रीत कित्येक ठिकाणी आजही आहे. दूध हे सापाचे अन्न नव्हे. त्याला ते पचत नाही. तरी तो पितो, कारण कित्येकदा आधी दिवसचे दिवस त्याला तहानेने व्याकूळ केलेले असते. श्रद्धेने वाढलेली ती वाटी त्याच्या जिवावर उठते. तेव्हा येत्या पंचमीला भिंतीवर नाग काढावा, त्यालाच दुधाचा नैवेद्य दाखवावा, आणि खऱ्या नागाला त्याच्या वारुळाशी, त्याच्या उंदराबेडकांशी सुखाने राहू द्यावे. भरविण्याआधी खाणाऱ्याची भूक ओळखणे, हेही अन्नदानच आहे.