गारठ्यातली धाव

थंडीच्या दिवसांत पहाटे धावायला निघणाऱ्या माणसाविषयी जगाचे दोन तर्क ठरलेले असतात. एक तर त्याला डॉक्टरांनी दम भरलेला असतो, नाही तर त्याची गाडी चुकत असते. माझ्या धावण्याला या दोहोंपैकी एकही कारण नाही, हे आमच्या लोहाऱ्याच्या चहावाल्याला अजून पटलेले नाही.

दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला दाराशी येऊन उभा राहिलेला गारठा आमच्याकडून संक्रांतीपर्यंत हलत नाही. लोहारा यवतमाळला अगदी लागून. सारा मुलूख पठाराचा. यवतमाळची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर. समुद्र दूर आणि आकाश निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन आपली ऊब रात्री त्या उघड्या आकाशाला देऊन टाकते आणि पहाटेपर्यंत कफल्लक होते. थंड हवा जड; ती पाण्यासारखी उताराने जाऊन खोलगटात साचते. म्हणून नाल्याच्या पुलावर कान झोंबतात आणि पुढच्या टेकाडावर हवा मवाळ लागते. रजईतल्या माणसाला थंडी एकच. धावणाऱ्याला ती फर्लांगाफर्लांगाला निराळी भेटते.

पहिली पाच मिनिटे मात्र कठीण. अंथरूण मागून हाका मारीत असते. मग अंगातली शेगडी पेटते. धावताना खर्च होणाऱ्या शक्तीचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग उष्णतेतच जातो. मे महिन्यात ही उष्णता कुठे टाकावी हे शरीराला सुचत नाही. डिसेंबरात तीच घरचा बंब होते.

परंतु हे झाले माझ्यासारख्या हौशी माणसाचे सुख. त्याच रस्त्यावर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरेपोरी धावतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. पूर्ण २० गुण हवे असतील तर मुलाने ५ मिनिटे १० सेकंदांत आणि मुलीने २ मिनिटे ५० सेकंदांत पोचले पाहिजे. त्यांनी चुन्याची फक्की टाकून अंतर आखून घेतले आहे, आणि सेकंदकाटा असलेले मनगटी घड्याळ माझ्यापाशी असल्यामुळे पंचाची जागा आपोआप माझ्याकडे आली आहे.

त्यांतली एक मुलगी धावून झाली की आईबरोबर कापूस वेचायला जाते. दव वाळेपर्यंत वेचणी सुरू होत नाही. तेवढीच पहाट तिची स्वतःची.

"काकाजी, आज किती आले जी?" धापा टाकीत तिने विचारले.

"दोन अठ्ठावन्न. आठ सेकंद म्हणजे काय गं पोरी! एक जांभई."

"त्या आठ सेकंदांतच तं सारं अडकलं आहे ना जी," ती म्हणाली आणि चपला शोधू लागली.

तिचे खरे होते. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी शाळेला पायीच जाई, पुष्कळदा धावत. पुढे सैन्यात गेला, सियाचीनच्या बर्फात राहिला. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याचे सुवर्णपदक हुकले ते अवघ्या पाच शतांश सेकंदांनी. पुढच्याच वर्षी हांगझौच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण मिळवले. मी ही हकीकत सांगितली तेव्हा मुलांनी पदकाचे काहीच विचारले नाही. त्या मधल्या वर्षात तो रोज किती धावत असेल, एवढेच विचारले.

दोन आठवड्यांनी आमच्या मुलीने २ मिनिटे ५४ सेकंद दिले. अजून चार उरली आहेत. थंडीही पुष्कळ उरली आहे.

माझ्या घड्याळाने साऱ्या नोकरीभर मला उशीर झाल्याचेच तेवढे सांगितले. हल्ली ते, कुणीतरी कालच्यापेक्षा लवकर पोचले, असे सांगू लागले आहे.