अर्धा लोटा पाणी

दोस्तांनो, वाळवंट म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? पिवळीधमक वाळू, लांबच लांब टेकड्या, एक उंट आणि त्याच्या पाठीवर डुगडुगणारा माणूस! माझ्याही डोळ्यांपुढे हेच होतं. शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकातलं चित्र डोक्यात इतकं पक्कं बसलेलं, की पन्नाशी उलटली तरी ते काही हललं नव्हतं.

आमचं घर छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, क्रांती चौकापासून चालत सात-आठ मिनिटांवर. १८५७ मध्ये इथल्या छावणीतल्या घोडेस्वारांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं होतं. त्याची आठवण सांगणारा काळा चबुतरा याच चौकात आहे. आता वरून उड्डाणपूल गेलाय आणि खाली रिक्षा, बस, स्कूटर यांचा अखंड कल्लोळ. अशा चौकाजवळ राहणाऱ्या माणसाला घाईची सवय लागते बरं का! मला तर फारच लागली होती.

तुमचे काका (म्हणजे आमचे हे) २०१९ च्या शेवटी नोकरीतून निवृत्त झाले, तेव्हा मी राजस्थानच्या सहलीची यादीच केली. सात दिवस, सहा शहरं, अकरा किल्ले! यादी वाचून काका हसले आणि म्हणाले, "अगं, एवढं पळायचं असेल तर क्रांती चौकातच पळू की! तिकिटाचे पैसे तरी वाचतील."

मला राग आला. पण त्यांचा हट्ट एकच होता. गाडी थांबेल तिथं उतरायचं, गाव आवडलं तर राहायचं, परतीची तारीख सोडून काहीच ठरवायचं नाही. शेवटी जानेवारी २०२० मध्ये दोन पिशव्या घेऊन आम्ही निघालो. रात्रीच्या गाडीनं मुंबई, वांद्र्याहून जोधपूर, आणि जोधपूरहून जैसलमेरची गाडी.

खिडकीतून मी वाळूच्या टेकड्या शोधत होते. दिसेचनात! दिसत होती ती खुरटी झुडपं, दगडगोट्यांचं माळरान, बाजरीची मोकळी शेतं आणि मधूनमधून एकटंदुकटं झाड. ते झाड खेजडीचं. खेजडी म्हणजे आपली शमी! दसऱ्याला तुम्ही जिची पानं पाहता तीच. तिकडं तिच्या शेंगा सुकवून वर्षभर भाजी करतात, पाला शेळ्या-उंटांना घालतात. थरच्या वाळवंटात माणसांची वस्ती पुष्कळ आहे. गावं आहेत, शाळा आहेत, गणवेश घातलेली आणि गृहपाठ न केलेली मुलंही आहेत.

फलोदी आलं आणि काका एकदम उठले. "उतरू या."

"इथं काय आहे?"

"चहा असेल ना!"

हेच ते फलोदी, जिथं १९ मे २०१६ ला ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं होतं. जानेवारीत मात्र आमचे दात वाजत होते. टपरीवर काकांनी चहावाल्याशी, मग तिथं उभ्या असलेल्या एका जीपवाल्याशी गप्पा सुरू केल्या. मी घड्याळाकडे बघत राहिले. तासभर गेला! पण त्या तासानंच आमची सगळी सहल बदलली, म्हणून त्याच्याबद्दल आता मी तक्रार करत नाही. जीपवाला म्हणाला, "सकाळी खीचनला चला, कुरजां दाखवतो."

फलोदीपासून खीचन अगदी जवळ, चार-पाच किलोमीटर. दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही एका घराच्या गच्चीवर उभे होतो. आधी आवाज आला, हजारो गळ्यांतून एकदम येणारा, घोगरा. मग आभाळाच्या कडेला काळी रेघ दिसली. रेघ जवळ आली, तुटली आणि तिचे पक्षी झाले! कांड्या करकोचे. राखी अंग, काळी मान, डोळ्यांमागून निघालेले पांढऱ्या पिसांचे तुरे. मंगोलिया, मध्य आशिया अशा दूरदूरच्या मुलखांतून ते पावसाळा सरताना येतात आणि मार्चच्या सुमारास परततात. गावानं त्यांच्यासाठी कुंपण घालून जागा राखली आहे. तिला चुग्गाघर म्हणतात. तिथं दररोज धान्य टाकलं जातं, आणि ते गावकऱ्यांच्या, व्यापाऱ्यांच्या देणग्यांतून येतं. जून २०२५ मध्ये खीचनला रामसर स्थळाचा, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. वाळवंटातली पाणथळ जागा! आहे की नाही गंमत?

एका तासासाठी गेलेलो आम्ही फलोदीत तीन दिवस राहिलो. माझी यादी पिशवीच्या तळाशी गेली.

पुढे पोकरण. तुम्हाला हे नाव अणुचाचण्यांमुळे माहीत असेल, १९७४ ची पहिली आणि १९९८ च्या पुढच्या. त्या झाल्या गावाबाहेरच्या लष्करी मुलखात. गाव मात्र शांत, झोपाळू. तिथल्या कुंभारांची मातीची भांडी प्रसिद्ध आहेत. मी एक लहानसा माठ घेतला आणि पुढचा सगळा प्रवास तो बाळासारखा मांडीवर घेऊन केला. काका म्हणाले, "आता उंटावरही हाच बसेल, आपण चालू."

जैसलमेरचा किल्ला ११५६ सालचा, पिवळ्या दगडाचा. आतमध्ये आजही माणसं राहतात, कपडे वाळत घालतात, भांडतात. पण ऐका. शेकडो वर्षं बिनपाण्याच्या मुलखात ठणठणीत उभा असलेल्या या किल्ल्याला दुखणं लागलं ते पाण्याचंच! घरोघर नळ आले, सांडपाणी वाढलं, ते खालच्या मातीत मुरलं आणि काही बुरूज ढासळले. पाणी कमी असताना तिथल्या लोकांना ते कसं वापरायचं हे नीट ठाऊक होतं. ते वाढलं तेव्हा पंचाईत झाली.

जैसलमेरजवळचं कुलधरा हे ओसाड गाव भुताटकीसाठी गाजलंय. आम्हाला भूत काही भेटलं नाही. भेटले ते खडीन, पालीवाल ब्राह्मणांच्या शेतीची जुनी युक्ती. खडकाळ उतारावरून पावसाचं पाणी खाली येतं, तिथं आडवा मातीचा बांध घालायचा. पाणी साचतं, हळूहळू मुरतं, आणि मग त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. वरून पाणी देण्याची गरजच नाही! या भागात वर्षाला दोनशे मिलीमीटरसुद्धा पाऊस पडत नाही. आमच्याकडे सातशेच्या आसपास पडतो. आणि तरी नळाला रोज पाणी नसतं म्हणून आम्ही कुरकुरतो. जुन्या औरंगाबादेतही मलिक अंबरनं नहरी बांधल्या होत्या, डोंगरातलं पाणी जमिनीखालून शहरात आणलं होतं. पाणचक्की पाहायला तुम्ही सहलीला गेला असाल, पण ते पाणी येतं कुठून, हे कधी विचारलंत का? मी नव्हतं विचारलं, घर इतकं जवळ असून!

आता जे सांगणार आहे, ते सांगायला मला अजूनही लाज वाटते.

त्या फलोदीच्या जीपवाल्याची मावशी जैसलमेरच्या पश्चिमेला एका ढाणीत राहायची. ढाणी म्हणजे चार-दोन घरांची वस्ती. त्यानं आग्रह केला म्हणून आम्ही तिथं दोन रात्री राहिलो. अंगणाच्या कडेला एक टांका होता. जमिनीत खोदलेली गोल टाकी, वर घुमटासारखं झाकण आणि त्या झाकणाला चक्क कुलूप! भोवतीची जमीन टाक्याकडे उतरती केलेली, झाडूनपुसून लख्ख. तिला आगोर म्हणतात. त्यावरून पायताण घालून कुणी जात नाही, कारण पावसाचा थेंब न् थेंब त्यावरूनच टाक्यात जायचा असतो.

मावशीनं, म्हणजे त्या सत्तरीच्या आजीनं, मला लोटाभर पाणी दिलं. मी अर्धं प्यायले आणि उरलेलं, आपण अंगणात टाकतो तसं, सहज हात झटकून वाळूवर फेकलं.

फस्सकन आवाज झाला. डाग पडला आणि बघता बघता विरून गेला. आजीची आठ-नऊ वर्षांची नात जवळ आली आणि त्या जागेकडे बघत उभी राहिली. मग माझ्याकडे बघितलं. एक शेळी येऊन ओली वाळू चाटू लागली.

आजी काही बोलली नाही. माझ्या हातातला लोटा घेतला, पुन्हा भरून आणला आणि खुणेनं विचारलं, आणखी हवं का? ती रागावली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मी बघत होते. भांडी वाळूनं घासली, पाण्यानं नाही. एका पोराची आंघोळ खाटेवर बसवून केली, खाली परात ठेवलेली. परातीतलं पाणी वाया गेलं नाही. त्यात कपडे बुचकळले आणि मग ते जनावरांच्या जागेवर शिंपडलं.

रात्री बाहेर खाटा टाकून, गोधड्यांत गुरफटून आम्ही पडलो होतो. चांदण्या इतक्या की भीती वाटावी! मला वाटलं, काका आता मला बोलतील. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो."

तीस वर्षांच्या संसारात हे मी पहिल्यांदा ऐकत होते. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रातला फार मोठा. काकांचं गाव मराठवाड्यातलं. त्यांची आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, तिथं मुलांना सुकडी मिळायची. रात्री विहिरीत पाझरलेलं पाणी वाटीवाटीनं भरायला काकांना दोर बांधून खाली सोडायचे, कारण ते घरात सगळ्यांत हलके. एकदा वर येताना त्यांच्या हातून भरलेली कळशी निसटली. "आई मारेल असं वाटलं," काका म्हणाले. "तिनं मारलं नाही. सांडलेल्या जागेवर पदर टेकवला आणि तो ओला पदर माझ्या धाकट्या भावाच्या तोंडावरून फिरवला."

मी विचारलं, "मला कधी सांगितलं नाहीत?"

"वेळ कुठं होता," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्या नातीनं मला टांक्यातून पाणी काढायला शिकवलं. दोर ओढताना बादली भिंतीला आपटू द्यायची नाही, नाहीतर पाणी हिंदकळतं. माझी बादली चार वेळा आपटली. ती पोट धरून हसली! निघताना मी आजीच्या पाया पडले. तिनं पाठीवर हात फिरवला आणि सुकवलेल्या सांगरीच्या शेंगांची पुरचुंडी हातात दिली. भाजी कशी करायची ते तिनं दोनदा सांगितलं, तरी मी घरी येऊन बिघडवलीच.

परत आल्यावर काकांनी अनुपम मिश्र यांचं 'राजस्थान की रजत बूंदें' हे पुस्तक मिळवलं. टांके, कुंई, आगोर सगळं त्यात आहे. १९९५ चं हे पुस्तक हिंदीत आहे, पण तुम्हाला सहज कळेल. आणि बरं का, हे अनुपम मिश्र जन्मले आपल्या वर्ध्याला!

पोकरणचा तो माठ शेवटपर्यंत शाबूत आला. सध्या आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो. कधी क्रांती चौकाकडे आलात तर घरी या. पाणी देईन, पण भांडं अर्धंच भरलेलं असेल, राग मानू नका. लागलं तर पुन्हा मागा. काका उठून देतील, जरा सावकाश.