सर, ह्याला पाय कुठंयत?

जुलैमध्ये आमच्या पेडगावच्या शाळेत सातवीला प्राण्यांचं वर्गीकरण शिकवत होतो. फळ्यावर नेहमीचा तक्ता काढला होता. मासे, उभयचर, सरीसृप, पक्षी, सस्तन. उभयचरांच्या रकान्यात सवयीने लिहिलं : चार पाय, पाण्यात अंडी घालतात, उदाहरणार्थ बेडूक. दहा-बारा वर्षं मी हेच लिहीत आलोय.

खडू खाली ठेवतो न ठेवतो तोच मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिने पप्पांच्या मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला होता. काचेच्या टाकीत हातभर लांब, काळपट, सापासारखं काहीतरी. "सर, तेनं पाण्यातच पिल्लू दिलं. पिल्लाच्या मानंला पिशव्या व्हत्या. आन् पाय तर एकबी नाही. काय असतंय ते?" खाली नाव 'रबर ईल' असं होतं म्हणे.

"ईल म्हणजे वाम. आपल्या गोदावरीत वाम मासा सापडतो ना, तसलाच. माशांच्या रकान्यात लिही." मी सांगून मोकळा झालो, आणि तिने ते वहीत लिहूनही घेतलं.

घरी आल्यावर मात्र ते डोक्यातून जाईना. मासा असेल तर दर थोड्या वेळाने नाक वर काढून श्वास का घ्यायचा? हेही तिनेच सांगितलं होतं, मी कानामागे टाकलं होतं. रात्री शोधत बसलो आणि कळलं की मी चक्क चुकीचं शिकवलंय. तो मासा नाही, सापही नाही. तो बेडकाचाच भाऊबंद, बिनपायाचा उभयचर. मराठीत ह्या गटाला देवगांडूळ म्हणतात. दुकानदाराने 'ईल' म्हटलं म्हणून तो मासा होत नाही.

व्हिडिओतला प्राणी म्हणजे टायफ्लोनेक्टिस नाटान्स, दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया-व्हेनेझुएलाच्या नद्यांतला. बहुतेक देवगांडुळं जमिनीत राहतात, हा पाण्यात राहतो. डोळे नावापुरते, डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये बारीक स्पर्शिका असते, तिच्या आणि वासाच्या जोरावर तो खाणं शोधतो. परदेशात हौशी लोक त्याला घरच्या टाकीत पाळतात. तळाला मऊ वाळू, लपायला पाईपचे तुकडे, पाणी २४ ते २८ अंश, खायला गांडुळं आणि झिंगे. झाकण घट्ट लागतं, फट दिसली की स्वारी बाहेर.

पिल्लांची गोष्ट मला सगळ्यात भारी वाटली. मादीच्या पोटात ती साधारण सहा-सात महिने वाढतात. सुरुवातीचा बलक संपला की त्यांना पोटातच खास दात येतात आणि ती आईच्या गर्भनलिकेचं आतलं अस्तर खरवडून त्यातला पौष्टिक स्राव खातात. जन्मतात तेव्हा चांगली मोठी असतात, आईच्या तिसऱ्या हिश्शाएवढी तरी. मानेजवळच्या त्या पिशव्या म्हणजे कल्ले. जन्मानंतर लवकरच ते गळून पडतात. आमच्या मुलीने जे बघितलं ते नेमकं होतं, फक्त मास्तरला माहीत नव्हतं.

पुढे अजून वाचलं तर २०२४ साली ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी दाखवलंय की तिथलं एक देवगांडूळ अंडी घालतं आणि वर पिल्लांना दुधासारखा स्निग्ध पदार्थही पाजतं. आता सांगा, आपला रकाना कुठं कुठं ताणायचा?

आपल्या महाराष्ट्रातही देवगांडुळं आहेत, हे किती शिक्षकांना माहीत असेल? मला नव्हतं. मात्र ती सह्याद्रीत, ओल्या मातीत आणि पालापाचोळ्याखाली. आंबोलीत सापडलेल्या जातीचं वर्णन २००३ साली झालं, कोयनेजवळच्या हुंबर्लीच्या जातीचं २००४ साली. तिच्या नावातच महाराष्ट्र आहे. दोडामार्ग तालुक्यातल्या दोर्ले गावच्या गेगेनिओफिस शेषाचारी ह्या जातीने तर कमालच केली. वरद गिरी, डेव्हिड गोवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवून दिलं की ती अंडी न घालता थेट पिल्लं देते. आशिया खंडातलं पिल्लं देणारं पहिलं ज्ञात देवगांडूळ आपल्या सिंधुदुर्गातलं. मी मात्र फळ्यावर 'अंडी घालतात' लिहून पूर्णविराम देत होतो.

खरं सांगतो, चार दिवस मला वेड लागलं होतं. घरी अडीच फुटी टाकी आहे, तिच्यात एक जोडी आणून ठेवावी, वर्गाला प्रत्यक्ष पिल्लं दाखवावीत. बायको म्हणाली, "गप्पींचं पाणी बदलायला वेळ नाही, अन् हे कुठलं आणताव?" ते एक झालंच. पण मे महिन्यात परभणीचा पारा ४३-४४ वर जातो, वर लाईट जायचं काही खरं नाही. दुसरं म्हणजे २०१९ साली अमेरिकेत मियामीजवळच्या कालव्यात हाच प्राणी सापडला. कुणीतरी पाळलेला सोडून दिला असणार. जायकवाडीचा डावा कालवा आपल्या जिल्ह्यातूनच जातो आणि कंटाळा आला की सोडून देणारी माणसं आपल्याकडेही आहेत. विचार सोडून दिला.

त्याऐवजी गप्पींची बरणी वर्गात नेली. गप्पीही त्याच दक्षिण अमेरिकेतले, डास मारायला आपल्याकडे आणलेले, आणि पिल्लंच देतात. पोट फुगलेली मादी वेगळी ठेवली, बरणीत पाणवनस्पती भरपूर टाकली, नाहीतर ती स्वतःचीच पिल्लं खाते. आठव्या दिवशी मधल्या सुट्टीत पिल्लं झाली. सगळी शाळा लोटली. मग फरक सांगितला : गप्पीचं पिल्लू आईच्या पोटात असलं तरी मुख्यतः अंड्यातल्या बलकावर वाढतं, व्हिडिओतलं पिल्लू आईचं अंग खाऊन.

त्याच दिवशी फळ्यावर जुना रकाना परत काढला आणि मुलांसमोर खोडला. 'मी चुकीचं सांगितलं होतं,' असं म्हणताना जीभ थोडी अडखळली. पोरं हसतील असं वाटलं होतं. हसली नाहीत. त्या मुलीने वहीतली ओळ रबराने पुसली नाही, वर एक रेघ मारली आणि खाली नवीन लिहिलं.

दोन दिवसांनी एक मुलगा प्लॅस्टिकच्या बाटलीत काहीतरी घेऊन आला. मोरीत सापडलं होतं. वीतभरही नाही, तपकिरी, चकचकीत. घरचे मांडुळाचं पिल्लू म्हणून मारायलेत, तर ह्याने बाटलीत भरलं. "सर, देवगांडूळ!" सगळे ओरडले. भिंग दिलं आणि मी गप्प बसलो. त्या मुलीनेच आधी बघितलं : अंगावर बारीक खवले आहेत, गांडुळासारखी वळी नाहीत, आणि मधूनच इवलीशी जीभ बाहेर येते. म्हणजे साप. वाळा. बिनविषारी, मुंग्यांची आणि वाळवीची अंडी खाणारा. ह्या जातीत नरच नसतो, नुसत्या माद्या, असं मी सांगितल्यावर मुलींच्या रांगेत बराच वेळ खुसखुस चालली.

शाळेमागच्या कडुनिंबाखाली बाटली आडवी केली. मुलगी वाकून बघत होती. "सर, मग हे अंडी घालतंय का पिल्लू देतंय?"

अंडी, मी म्हणालो. मग घरी गेल्यावर एकदा तपासून घेतलं.